डेल्फिनाची आमा काय म्हणत होती

डेल्फिनाला आईची भाषा येत नव्हती, आणि आईला आता दुसरी कुठलीच भाषा उरली नव्हती. एवढ्या एका अडचणीतून तिचा ब्लॉग सुरू झाला.

तिची आई, दोन्या एउसेबिया, जिला ती आमा म्हणायची, लहानपणी टेक्सासच्या दक्षिणेला शाळेत जायची. तिथे तोंडातून एक स्पॅनिश शब्द निघाला की बाई हातावर पट्टी मारायच्या. पोरीने तेव्हाच मनाशी ठरवलं, माझ्या लेकरांना हा मार नको. पुढे लग्न झालं, नवऱ्याबरोबर टोमॅटो तोडायला ती उत्तरेत ओहायोला गेली आणि तिथल्याच एका लहान गावात राहिली. घरात मोडकीतोडकी का होईना, पण इंग्रजीच बोलली. डेल्फिना इंग्रजीतच वाढली, शाळेच्या बसगाड्यांच्या ऑफिसात नोकरीला लागली. कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर, कुठली गाडी बंद पडली, हे बघायचं तिचं काम. मग चौऱ्याहत्तराव्या वर्षी आमाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि पन्नास वर्षं वापरलेली इंग्रजीही गेली. उरली ती फक्त पट्टी खाल्लेली भाषा.

"एका घरात राहतो आम्ही, आणि मला माझ्या आईशी बोलायला दुभाष्या लागतो," असं डेल्फिनाने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. आमा जे बोलेल ते ती इंग्रजी अक्षरांत, कानाला ऐकू येईल तसं लिहायची आणि खाली विचारायची, कुणाला कळतंय का?

मला कळायचं. मी लारेडोची, नदीच्या पलीकडे मेक्सिको. माझा ब्लॉग स्वयंपाकाचा होता. त्या काळात आम्हा बायकांमध्ये ब्लॉगची लाटच आली होती. न्यू जर्सीची शिओमारा डोमिनिकन, ती जुळ्या मुली आणि त्यांच्या केसांबद्दल लिहायची. अशा आम्ही अकरा जणी एकमेकींच्या ब्लॉगवर इतक्या जायला लागलो की शेवटी गटच केला. नाव ठेवलं सोब्रेमेसा. जेवण झाल्यावर खरकटे हात वाळेपर्यंत ज्या गप्पा रंगतात, त्यांना आमच्यात सोब्रेमेसा म्हणतात.

एकदा दुपारी डेल्फिनाने लिहिलं, "आमा सारखी म्हणतेय, या मे आन्दा. शब्दकोशात बघितलं तर 'चालणे' निघालं. म्हणून तिला काठी देऊन उभी केली, तर रडायलाच लागली."

मी कणीक तिंबत होते. तशाच हातांनी फोन लावला. "अगं बाई, तिला लघवीला लागलीय! धाव!"

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी परत तिचाच फोन. "उशीर झाला," ती म्हणाली आणि हसायला लागली. मीही हसले. मागून आमा कुणाला तरी शिव्या देत होती, त्या मात्र डेल्फिनाला दुभाष्याशिवाय कळत होत्या. त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी झालो.

पण गटात तिचं सगळंच सुरळीत नव्हतं. ती आपल्या तुटक्या स्पॅनिशमध्ये दोन ओळी लिहायची, आणि खाली शिओमाराची दुरुस्ती तयार. "'माझा आई' नाही गं, 'माझी आई'. आईला माझा कोण म्हणतं?" प्रेमानेच म्हणायची, पण रोज म्हणायची. अनोळखी लोक तर कहर करत. 'आडनाव अरेदोन्दो आणि बोलता येत नाही, लाज वाटत नाही का?' असं कुणीतरी लिहून गेलं. त्या माणसाला आम्ही दहा जणींनी मिळून झाडलं. आमच्या रोजच्या दुरुस्त्याही तशाच टोचत असतील हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग शिकागोला भेटायचं ठरलं. डेल्फिना आमाला भावजयीच्या हवाली करून पाच तास गाडी चालवत आली. सुरुवात इंग्रजीतून झाली. पहिली थाळी येईपर्यंत आम्ही सगळ्या स्पॅनिशवर घसरलो. आम्हाला कळलंही नाही. एकीने सासूची नक्कल केली, दुसरीने नवऱ्याची. टेबल हसून हसून हललं. डेल्फिना हसत होती, पण सगळ्यांच्या नंतर, शेजारणीच्या तोंडाकडे बघून.

जेवण संपता संपता ती उभी राहिली. चार वाक्यं पाठ करून आली होती. कागद नव्हता हातात, पण बोटं कागद धरल्यासारखी होती. दुसऱ्याच वाक्याला शिओमारा म्हणाली, "केली नाही गं राणी, केलं!" आणि सगळ्या खो खो हसल्या. मीसुद्धा.

डेल्फिना खाली बसली. इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलता, का माझ्या वह्या तपासता?"

"अगं, गंमत गं! एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"गंमत तुमची. माझ्या घरी हे वाक्य चुकलं की माझी आई भिंतीकडे तोंड करते."

मग कुणीतरी गोड मागवलं आणि विषय बदलला. आम्हाला विषय बदलता फार छान येतो.

महिन्याभराने एका सॉस बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. खऱ्या लॅटिना आयांनी आमच्या सॉसबद्दल लिहावं, त्यासाठी चार दिवस मायामीला आमचे पाहुणे व्हा. गटातल्या दहा जणींना बोलावणं होतं. डेल्फिनाला नव्हतं. मी कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी मधासारखं बोलत होती. "त्यांचा ब्लॉग फार हृदयस्पर्शी आहे हो. पण आम्हाला जरा अस्सल हवंय."

तिच्या आईने हातावर वळ खाल्ले म्हणून तिची भाषा गेली, याच्याहून अस्सल तुम्हाला काय हवंय, असं मी विचारायला हवं होतं. हे वाक्य मला तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. तेव्हा मी फक्त "हं" म्हणाले. आणि विमानाचं तिकीट घेतलं. डेल्फिनाला कळवलं तर तिचं उत्तर आलं, "जा गं. मजा करा." एवढंच.

आम्ही मजा केली. समुद्र, पांढऱ्या चादरी, प्रत्येकीच्या हातात लाल बाटली आणि फोटो. गुरुवारी डेल्फिनाने ब्लॉगवर आमाच्या आवाजाचा तुकडा टाकला. खाली लिहिलं होतं, "ला प्लाका, ला प्लाका म्हणतेय. शब्दकोशात गाडीची नंबरप्लेट असं आहे. आमाने जन्मात गाडी चालवली नाही. कुणी ऐकेल का?" शुक्रवारी पुन्हा, "जेवणाची प्लेट ढकलून देते. प्लेटच म्हणत असेल का? तिची जुनी निळी प्लेट खोक्यातून काढून दिली, ती जमिनीवर फेकली." शनिवारी, "आज फक्त दोन चमचे पाणी."

मी शुक्रवारचं वाचलं होतं. न ऐकता, नुसतं वाचलं. मला वाटलं, शिओमारा सांगेल. शिओमाराला वाटलं, हे मेक्सिकोवाल्यांचं काम, नेलिदा सांगेल. नेलिदा म्हणजे मी. बाकीच्या आठ जणींना वाटलं, या दोघींपैकी कुणीतरी सांगितलंच असेल. सोमवारी घरी आलो. मग कंपनीला लेख द्यायचा होता. या सॉसने मला माझ्या आजीच्या अंगणात नेलं, असं मी लिहिलं. माझ्या आजीला अंगण नव्हतं, आणि तिने बाटलीतला सॉस घरात येऊ दिला नसता.

बुधवारी मी तो आवाज ऐकला. एकदाच ऐकावा लागला. आमा बोबडं बोलत होती, पण शब्द स्वच्छ होता. मी फोन लावला.

"डेल्फिना, आमाच्या तोंडात बघ."

"काय?"

"प्लाका म्हणजे कवळी. आमच्याकडे जुनी माणसं कवळीला प्लाका म्हणतात. तिची कवळी दुखतेय."

"आमाला कवळी नाही."

"बघ तर खरं."

"नेलिदा, मी तिची मुलगी आहे. मला माहीत असेल ना? आमाला..." आणि ती थांबली. चालत गेल्याचा आवाज आला, मग आमाचं ओरडणं.

वरच्या बाजूला तीन दातांची, तारेने अडकवलेली छोटी कवळी होती. तीस वर्षं आमाने ती न्हाणीघराचं दार लावून धुतली होती. मुलांना कधी कळू दिलं नाही. झटक्यानंतर चेहरा वाकडा झाला, तशी तार सरकली आणि हिरडीत रुतली. रुग्णालयातल्या कागदांवर कवळीचा उल्लेखही नव्हता, आणि आठवड्यातून दोनदा येणारी नर्स रक्तदाब बघून जायची. हिरडीत पू झाला होता.

"सात दिवस," डेल्फिना फोनवर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सात दिवस ती मला नीट, सोप्या भाषेत सांगत होती. आणि मी तिला प्लेटा बदलून देत होते."

आमाला दोन दिवस सलाइन लावावं लागलं. मी शिओमाराला फोन करून तोंडाला येईल ते बोलले.

"माझ्यावर काय ओरडतेस?" ती म्हणाली. "मी डोमिनिकन, आमचं स्पॅनिश वेगळं. तुमची प्लाका मला काय माहीत?"

"ऐकलंस तरी का?"

"नाही ऐकलं. तू वेळेवर ऐकलंस?"

मी फोन ठेवला. पण शिओमारा मनाने वाईट नाही. तिला फार लागलं, आणि लागलं की ती लिहिते. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या ब्लॉगवर लांबलचक माफी लिहिली, वर आमाचा फोटो लावला. दोनशे बायकांनी खाली अश्रू ढाळले. कडेला, त्याच पानावर, सॉसच्या जाहिरातीतली लाल बाटली हसत होती.

डेल्फिनाने आम्हा सगळ्यांना एकच ओळ पाठवली. "माझ्या आईचा फोटो बाटलीशेजारून काढा." शिओमाराने तासाभरात काढला. तोपर्यंत डेल्फिना गटातून गेली होती. तिने ब्लॉगही बंद केला.

मला राग यायचा. शिओमाराचा, कंपनीतल्या त्या गोड मुलीचा, आमाच्या त्या मेलेल्या मास्तरणीचा. हे सगळे राग मी माझ्यावरचा राग टाळायला काढत होते, हेही कळायचं. शेवटी मी डेल्फिनाला निरोप ठेवला, "मी रोज पाच वाजता फोन करीन. तू बोलू नकोस माझ्याशी. फोन नुसता आमाच्या उशाशी ठेव."

तिने ठेवला. चौदा महिने ठेवला. आमा मला सांगायची, उशी उंच आहे, शेजारणीचं मांजर खिडकीत येतं, मुलीने भात पुन्हा करपवला. मी ते डेल्फिनाला इंग्रजीत सांगायचे. ती "बरं" म्हणायची. कधी आमा म्हणायची, "ही पोर माझ्याकडे बघते, पण बोलत का नाही गं?" ते मी सांगायचे नाही. डेल्फिना विचारायची, "आत्ता काय म्हणाली?" मी म्हणायचे, "पाणी मागतेय."

सोब्रेमेसा दुसऱ्या सहलीला कोणी जायचं यावरून फुटली. आता त्यातल्या तिघी जणी लिहितात, त्याही एकमेकींचं वाचत नाहीत.

आमा फेब्रुवारीत गेली. मी ओहायोला गेले. शिओमारा माझ्या आधीच पोचली होती, स्वयंपाकघरात उभी राहून पन्नास माणसांची कॉफी करत होती आणि कुणाशी बोलत नव्हती. माती देऊन आल्यावर, माणसं पांगल्यावर, डेल्फिनाने फोन टेबलावर ठेवला. त्यात तिने आमाचे शेवटच्या महिन्यांतले चाळीसेक आवाज साठवले होते.

"दे," मी म्हणाले. "मी एकेक ऐकून सगळं लिहून देते."

"नको."

"अगं, पण त्यात तिने काय काय सांगितलं असेल..."

"तेच तर. तू गाळून देशील." ती माझ्याकडे बघत म्हणाली. "पाणी, पाणी, पाणी. एवढं पाणी कुणी पितं का, नेलिदा?"

शिओमाराने नळ बंद केला.

"माझ्यावर अजून राग आहे तुझा?" मी विचारलं.

"आहे. आणि पाच वाजले की मी फोनकडे बघते, त्याचाही राग येतो." तिने फोन ॲप्रनच्या खिशात टाकला. "गावातल्या वाचनालयात मंगळवारी स्पॅनिशचा वर्ग असतो. मी नाव घातलंय. कळेल तेव्हा कळेल मला."

मग ती शिओमाराकडे वळली आणि कप पुसायला फडकं मागितलं. स्पॅनिशमध्ये मागितलं. चूक होती की बरोबर, मी लक्ष दिलं नाही. शिओमाराने फडकं दिलं, आणि आम्ही तिघी कप पुसत राहिलो.