गल्लीतला एकुलता एक रेडिओ

चहाच्या टपरीवर बसून मी तीसेक घरांची उत्तरं स्वतःच लिहिली. प्रत्येक कागदावर तेच: घरात रेडिओ नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. रेडिओवरचे कोणते कार्यक्रम लोक ऐकतात याची पाहणी एका कंपनीनं हाती घेतली होती आणि नागपुरातली विणकरांची एक गल्ली माझ्या वाट्याला आली होती. खड्डामागात पाय सोडून बसलेला विणकर अनोळखी माणसासाठी उठत नाही. मी उंबरठ्यावरूनच विचारायचो. पहिल्या घरात सुताच्या कांड्या भरणारी बाई म्हणाली, "रेडिओ नाही आमच्या घरी." रेडिओ नसेल तर पुढचं काही विचारू नये, अशी फॉर्मवर सूचना होती. पाच घरांत हेच उत्तर मिळालं. मग मी टपरी गाठली.

दोन दिवसांनी एक राहिलेली सही घ्यायला संध्याकाळी परत गेलो. मी गल्लीत शिरलो आणि एकेक करून माग थांबत गेले. एका खिडकीत रेडिओ ठेवला होता आणि त्याच्यासमोर सगळी गल्ली उकिडवी बसली होती. त्यांच्यातलाच एक म्हातारा विणकर आठवड्यातून एकदा रेडिओवर वऱ्हाडीत गोष्टी सांगायचा. आधी ध्वनिमुद्रित केलेली आपलीच गोष्ट तो सगळ्यांच्या पाठीमागे बसून, मान खाली घालून ऐकत होता.

"बसा ना मास्तर," तीच बाई म्हणाली. "आमचे काकाजी बोलून राहिले."

"तुम्ही तर रेडिओ नाही म्हणाल्या होत्या."

"मंग? आमच्या घरी कुठी हाये? हा तर त्यायचा हाये." तिनं त्या खिडकीच्या घराकडे बोट दाखवलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

फॉर्म अजून माझ्याच पिशवीत होते. पण मुदतीत काम पुरं करणाऱ्याला नोकरीत कायम करणार होते. दुसऱ्या दिवशी मी ते तसेच दिले आणि कायम झालो.

काही महिन्यांनी काकाजींचा कार्यक्रम बंद पडला. नव्या पाहणीसाठी मी त्या गल्लीत गेलो तेव्हा काकाजी मागावर होते.

"ऐकणारेच नाहीत म्हणे," ते म्हणाले. "कंपनीनं घरोघर इचारलं."

"आम्ही ऐकत होतो ना, काकाजी," ती बाई दारातून म्हणाली.

"तू मन राखतं वं माझं. तो कागद काहून खोटं बोलन?"

त्यांच्या हातातला मागाचा धोटा पुन्हा चालू झाला. मी काखेत नवे फॉर्म घेऊन उभा होतो.

पुढे मी इतरांचे फॉर्म तपासणारा साहेब झालो. अमुक कार्यक्रम सर्वांत लोकप्रिय, असं वर्तमानपत्रात आलं की मित्र वाद घालायचे. मला मात्र ती टपरी दिसायची. काकाजींनी त्यानंतर गल्लीतही गोष्ट सांगितली नाही, हे मला गल्लीतल्याच कोणाकडून कळलं होतं. शेजारी आपल्याला बरं वाटावं म्हणून ऐकत होते, अशी त्यांची खात्री झाली होती.

दहा वर्षांनी काकाजींच्या घरी गेलो. मागाचा खड्डा बुजवून त्यावर खाट टाकलेली होती. ते खाटेवर होते. ती बाई त्याआधीच वारली होती. मी खाली जमिनीवर बसलो.

"काकाजी, तो कागद मीच लिहिला होता. पाच घरांपुढे गेलोच नव्हतो. गल्ली खरंच ऐकत होती, मी डोळ्यांनी पाहिलं. ती बाई खरं बोलत होती. मले माफ करा."