चुन्याची सावली

आमच्या गावच्या आठवडी बाजारात दोन कडुलिंब होते. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या ग्रामपंचायतीने ठरवलं, दोन्ही झाडं तोडायची आणि तिथे पक्के गाळे बांधायचे. थोरला कडुलिंब आधी पडला. पूर्वी खांद्यावर चार कासरे टाकून शेजारच्या जानेफळचा बाजार पायी करणारा मी, त्याच झाडाखाली बसून दोरवाला म्हणून नावारूपाला आलो होतो. तोडताना मला कोणी विचारलं नाही. जाब विचारायला गेलो, तर सरपंच चारचौघांत म्हणाले, "झाड तुह्या बापाचं हाय काय बे?"

ते मी विसरलो नाही. पण त्याहून जास्त खुपत होतं ते वेगळंच. आठवडाभर आधी गाळ्यांच्या ठेकेदाराने माझ्याकडून अंबाडीचा जाड दोर नेला होता. घासाघीस तासभर चालली, मी भावात तसूभर हललो नाही, आणि त्या खुशीत दोर कशाला हवा हे विचारायचंच राहिलं. माझ्याच दोराने त्यांनी झाड ओढून पाडलं.

आमच्या बाजाराची एक रीत होती. सकाळी सावली पश्चिमेला पडे, म्हणून सगळे तिकडे बसत. ऊन डोक्यावर आलं की बुंध्याशी, आणि कलल्यावर पूर्वेला. दिवसातून दोनदा अख्खा बाजार पाट्या-पोत्यांसकट सरकायचा. झाड पडल्यानंतरच्या पहिल्या बाजारी लोक सवयीने पश्चिमेलाच येऊन बसले, रणरणत्या उन्हात. मला रागही आला आणि युक्तीही सुचली.

धाकट्या कडुलिंबासाठी करवतवाले पुढच्या बाजारी यायचे होते. त्या दिवशी उजाडताच मी चुन्याची फक्की घेऊन गेलो. बांगड्यावाल्या चाचीने दोराचं टोक थोरल्याच्या खुंटावर धरलं, दुसऱ्या टोकाशी मी. आठवून आठवून सावलीची कड आखायला लागलो: सकाळची, दुपारची, कलत्या उन्हाची.

"अरे भाई, मेरी टोपली इथंवर येत होती. तू फांदीच कापून राह्यला!" चाची ओरडली.

"चाची, तुमची टोपली उन्हातच असायची. म्हणून तर तुम्ही दिवसभर कटकट करायच्या."

तोवर बाकीचे जमले. मिरचीवाला म्हणे दोन हात वाढव, कुंभारीण म्हणे चार. मी कोणाला बोटभरही वाढवून दिलं नाही. खोटी सावली काढली असती तर सरपंचांनी तेवढ्यावरच आम्हाला हसण्यावारी नेलं असतं.

दुपारी चाची उठली. "चलो, छाव सरकली!" तिने टोपली उचलली, मागोमाग सगळा बाजार उठला आणि मोकळ्या उन्हात चुन्याच्या पहिल्या रेषेतून दुसऱ्या रेषेत जाऊन बसला. खेड्यांवरून आलेली गिऱ्हाइकं आधी हसली. मग खुंटाकडे पाहून तीही रेषेच्या आत येऊन भाव करू लागली.

करवतवाल्यांना घेऊन सरपंच आले ते हे बघतच. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "हे पुसून टाक. पहिला गाळा तुले देतो."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी हो म्हणणारच होतो. पक्का गाळा मी जन्मभर मागत आलो होतो. मग डोकं असं तडकलं की मी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "गाळा नाही पाह्यजे मले! तो दुसरा लिंब पाह्यजे!"

"गाळे मंग कुठं बांधू? तुह्या डोक्यावर?"

"वेशीकडं पडीक जागा हाय, तिथं बांधा!"

रेषेच्या आतून कुंभारीण म्हणाली, "सरपंचसाहेब, उन्हात काऊन उभे? सावलीत या ना!"

बाजार जो हसला! सरपंचांनी टोपी काढून घाम पुसला, धाकट्या कडुलिंबाकडे पाहिलं, आणि करवतवाल्यांना म्हणाले, "जा बाबा घरी. गाळे वेशीकडं होतील."

"जोरात सांगा," मी म्हणालो. त्यांना जोरात सांगावं लागलं.

पुढे ठरावात लिहिलं की पंचायतीने आपण होऊन झाड राखलं. माझा उल्लेख नाही. त्याचा राग आहे आणि राहील. पण पुढच्या बाजारी दोन झाडांची माणसं एका झाडाखाली बसवायची होती. त्या जागा मी वाटल्या, दिवसभर प्रत्येकाशी भांडून, आणि खऱ्या गार सावलीत उभा राहून.