पाण्याखालची चाहूल

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शनिवारी मनुरेवा या उपनगरातल्या वृद्धाश्रमात काम करायचे. तिथले एक आजोबा दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांच्या ताफ्याची राखण करणाऱ्या नौकेवर होते. हेडफोन लावून पाणबुड्यांची चाहूल घ्यायची, हे त्यांचं काम. आता ऐकू कमी येई, त्यामुळे पाळत कोण ठेवणार, या काळजीनं त्यांचा डोळा लागत नसे.

एका दुपारी मी त्यांची खुर्ची समुद्राकाठी नेली. धुरकट उजेडात पाणी आणि आभाळ एक झालं होतं.

“पोरी, तू ऐक. खाली काही आहे?”

डोळे मिटून मी बराच वेळ खरंच ऐकलं. मग त्यांच्या कानाशी वाकले.

“काही नाही, आजोबा. जहाजं नीट चाललीत.”

“स्वीट अ‍ॅज,” इथल्या बोलीत ‘झकास’ म्हणतात तसं ते पुटपुटले आणि तिथंच झोपले.