तीन पाहुणे, एकच वरण

संगणकाच्या पडद्यावर चुकांची यादी आली, की ताई जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा तिच्यावर आडवा धरीत, फक्त सर्वांत वरची ओळ उघडी ठेवीत आणि म्हणत, "पहिली चूक वाचा, सर. बाकीची निस्ती वरात हाय."

वाळूजच्या त्या छोट्या कारखान्यात लोखंडी कड्यांचे माप तपासणारी यंत्रे बनत. त्यांचे प्रोग्राम आम्ही सी भाषेत लिहीत असू. आम्ही म्हणजे मुख्यतः ताई. मी वयाने सत्तेचाळीस वर्षांचा आणि अनुभवाने तीन महिन्यांचा. त्याआधी वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. तुकडी बंद पडली, तेव्हा संगणकाचा अभ्यासक्रम पुरा करून येथे उमेदवारीला बसलो. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. रोज पैठणहून एसटीने येत. सारा कारखाना त्यांना ताई म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो.

एकच प्रोग्राम तीन ठिकाणी, तीन निराळ्या संगणकप्रणालींवर चालावा लागे: गिऱ्हाइकाच्या कचेरीतल्या विंडोजवर, यंत्राच्या पोटातल्या लिनक्सवर आणि आमच्या मालकांच्या मॅकवर. आपले लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर प्रत्येक ठिकाणी निराळा, आणि त्याचा रुसवाही निराळा. ताई या तिघांना पाहुणे म्हणत. "लिनक्सकडचे रुसले!" अशी त्यांची आरोळी उठली की शेजारच्या जुळणी विभागातून हमखास प्रश्न येई, "मानपान राहिला व्हय, ताई?"

एकदा लहान कड्या मोजण्यासाठी मी एका चलाला, म्हणजे आकडा साठवायच्या जागेला, 'स्मॉल' असे निरुपद्रवी नाव दिले. लिनक्सने ते मुकाट्याने घेतले; विंडोजने अर्धा पडदा भरून आक्षेप नोंदवले. मी तासभर माझी ओळ तपासत राहिलो. ताईंनी एक नजर टाकली आणि त्या हसून खुर्चीतून घसरायच्या राहिल्या. "सर, त्या नावाची जमीन तिथं आधीच दुसऱ्यानं घेतलीय! सातबारा न बघताच घर बांधाया काढलं तुम्ही." विंडोजच्या स्वतःच्या फायलींत ते नाव आधीपासून गुंतलेले होते. चलाचे नाव बदलताच सारे आक्षेप नाहीसे झाले. तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, जी आपल्या चुकीवर हसतात आणि आपल्याला अपमान मात्र वाटत नाही.

माझा खरा दोष मात्र निराळा होता. कोणालाही त्रास द्यायचा नाही, ही माझी जन्माची सवय. विंडोजने तक्रार केली की मी फक्त विंडोजपुरती एक अट घाली. लिनक्स कुरकुरले की त्याच्यापुरती दुसरी. अशा सतरा अटी मी कोणालाही न विचारता एकाच फायलीत पेरल्या होत्या. एक तक्रार मिटवावी, तर दुसरीकडे दोन उभ्या राहत.

उमेदवारीच्या अखेरच्या दिवशी चार वाजता कोल्हापूरचे गिऱ्हाईक यंत्र पाहायला येणार होते. मालकांनी अत्यंत सभ्य शब्दांत सांगितले होते, की माझा भाग तोवर तिन्ही ठिकाणी चालला नाही, तर ते तो तयार विकत घेतील आणि मग मला ठेवून घेणे कठीण होईल. सकाळी अकरा वाजता लिनक्सवर दोनशे चौदा चुका होत्या. मी पडद्यावरची ती खिडकी मिटवून तिच्यापुढे दुसरी उघडून बसलो. चहाला गेलो नाही, त्यावरून ताईंनी ओळखले.

"किती हायत?"

"थोड्या आहेत."

त्यांनी खिडकी उघडली, फाईल वरपासून खालपर्यंत पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अहो सर, हर पाहुण्याला येगळी भाजी केली तुम्ही! अशानं रांधणारा मरतो. एकच वरण करा, समद्यांना चालंल असं."

"पण त्यांची गैरसोय..."

"कुणाची? कंपायलरची?"

त्यांनी सतराही अटी पुसायला लावल्या. मग म्हणाल्या, "आता पहिली चूक वाचा. मोठ्यानं."

मी पुटपुटलो. "वर्गात असंच शिकवत होता काय?" जुळणीतून कोणीतरी ओरडले. मग मी वर्गातल्या आवाजात वाचले. मी आकड्यासाठी केवळ विंडोजला ठाऊक असलेला प्रकार वापरला होता. लिनक्सला तो कोण हेच माहीत नव्हते. त्या जागी तिघांच्याही ओळखीचा प्रकार घातला. दोनशे चौदाच्या नऊ झाल्या! पुढची दुरुस्ती केली, तर नवाच्या चाळीस. माझा धीर सुटला. ताईंनी मात्र टाळी वाजवली. "वाढल्या! म्हंजे गडी म्होरं गेला. आतापत्तुर दारातच अडला होता."

मग आकडे नुसते नाचू लागले. चाळीस, बारा, तेरा. दोन शब्दांची तुलना करणारे एक तयार साधन विंडोजवर एका नावाने होते, लिनक्सवर दुसऱ्याच. ताईंनी ते सोडून साध्या सीमधल्या चार ओळी मला लिहायला लावल्या. मी प्रत्येक चूक मोठ्याने वाचत होतो आणि जुळणीवाले पाना वाजवून ठेका धरत होते. तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिन्ही पडद्यांवर शून्य आले. त्या गलक्यात मी एका अनोळखी फिटरला मिठी मारली.

गिऱ्हाइकाने यंत्रात कडी ठेवली, हिरवा दिवा लागला. मालकांनी विचारले, "कोणी केलं?" ताई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "सरांनी. आवाज आला नाय का तुम्हाला?" मला ठेवून घेतले गेले.

पुढच्याच आठवड्यात यंत्र कोल्हापूरला निघाले. ते बसवून द्यायला ताई पंधरा दिवसांसाठी जाणार होत्या. त्या तिथल्याच होऊन राहतील, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. टेम्पो फाटकातून निघाला आणि पुढे बसलेल्या ताईंनी मान बाहेर काढून मला काहीतरी सांगितले. इंजिनाच्या आवाजात शब्द विरले. ऐकू न आलेल्या गोष्टींना मान डोलावण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. त्या दिवशी मी धावलो.

"ऐकू नाही आलं! काय म्हणालात?"

त्यांनी तोंडाभोवती हात धरून पुन्हा सांगितले. पुन्हा काही कळले नाही. त्या हसत होत्या, मीही. "आँ, सर," मागून पहारेकरी म्हणाला, "एवढा मोठा आवाज तुमचा?"

टेम्पो पुणे रस्त्याला वळून दिसेनासा झाला, तरी मी "काय?" असे विचारतच रस्त्याच्या मधोमध उभा होतो, आणि मागे थांबलेली शिफ्टची बस सारखा हॉर्न वाजवत होती.