विषाणूला दाद न देणाऱ्या पेशी

औषधाच्या कारखान्यात सगळे त्यांना 'टाकीवाल्या बाई' म्हणत. पोलादी टाक्यांमध्ये हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्याकडून औषध बनवून घ्यायचं, हे त्यांचं काम. पेशींचे लाड त्या पोटच्या पोरांसारखे करत. तरीही एकदा कुठूनसा विषाणू टाकीत शिरला आणि पेशी पटापट मेल्या. कारखाना बंद पडला. बाईंच्या सख्ख्या भाचीला तेच औषध सलाईनमधून लागे. पुरवठा आटला तशी पोर अंथरुणाला खिळली.

"मावशी, तुझ्या पेशी आजारी पडल्या म्हणून मी पण पडायचं का गं?"

बाई हसल्या खऱ्या, पण बोल जिव्हारी लागला.

कारखाना धुऊनपुसून पुन्हा सुरू झाला. औषध मिळालं, भाची सावरली. कारखान्याच्या साहेबांनी गाळण्या वाढवल्या, तपासण्या वाढवल्या.

बाई म्हणाल्या, "पहारा कुठवर देणार? विषाणू आत आला तरी त्याची डाळ शिजू नये, अशी पेशीच करू या."

हा विषाणू पेशीच्या अंगावरच्या एका साखरेला चिकटून आत घुसतो. बाईंनी ती साखरच बंद पाडली. पेशी वाचल्या, पण साहेबांनी औषध तपासून मान हलवली. "बाई, हीच साखर औषधावरही लागते. तिच्याशिवाय ते शरीरात टिकत नाही."

झालं, केलेलं सगळं पाण्यात! बाई घरीसुद्धा घुम्यासारख्या वावरू लागल्या.

नवरा म्हणाला, "माझी कधी एवढी काळजी केलीस?"

"तुम्हाला बघून विषाणूच पळतो!"

आणि बोलता बोलता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: उंदरांचा हा विषाणू माणसाला खरंच लागत नाही! साखर ठेवायची, फक्त ती ज्या जोडाने पेशीवर बसते तो जोड बदलायचा! माणसाच्या पेशींत एक वेगळा जोडही असतो. तो या विषाणूला ओळखता येत नाही. त्यासाठी जनुकं बदलायला घेतली. कितीतरी पेशी रुसल्या, वाढेचनात. अखेर एक वाण तरारून वाढला.

बंद खोलीत बाईंनी स्वतःच्या हाताने त्यात विषाणू सोडला. साहेबांचा जीव टांगणीला, बाई निर्धास्त. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पेशी गोलमटोल, चकाकत होत्या.

"विषाणू जिवंत तरी होता ना?" साहेबांनी विचारलं.

"शेजारच्या बाटलीतल्या जुन्या पेशींना विचारा," बाई म्हणाल्या. त्या बाटलीतही तोच विषाणू सोडला होता आणि तिथे नुसता मेलेल्या पेशींचा गाळ उरला होता.

तपासण्या, मंजुऱ्या यांत बराच काळ गेला; पण नव्या पेशींचं औषध रुग्णालयांत पोचलं. साहेबांनी सत्कार ठरवला, तेव्हा बाई दुसऱ्याच जातीच्या विषाणूमागे लागल्या होत्या.

"याला साखर लागत नाही," त्या म्हणाल्या. "काय लागतं, ते काढतेच शोधून."