उपकारस्तुती कोणाची

नाताळनंतर दोन दिवसांनी आम्ही इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी गेलो होतो. आई, मी, माझा धाकटा भाऊ आणि सुट्टीला पुण्याहून आलेले मोठे मामा-मामी. सकाळी होडीतून रोहित पक्षी पाहिले. दुपारी तिथल्याच एका मासेमाराच्या घरी जेवण सांगितलं होतं.

मामा घरातले वडीलधारे, चर्चच्या कमिटीवर वर्षानुवर्षं. सुट्टीत सगळे जमले, की जेवणाआधी प्रत्येकानं वर्षातल्या एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे, हा त्यांचा नेम. लहानपणी मला तो फार आवडायचा. त्या दिवशी ताटं वाढून झाली होती, चिलापी माशाचं कालवण निवत होतं, आणि मामा भावाकडं वळून म्हणाले, "यंदा तू सुरुवात कर. तीनच बोटं गेली, हात वाचला. केवढी कृपा."

भाऊ बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता. सप्टेंबरात त्याचा उजवा हात मशिनमध्ये सापडला. तेव्हापासून तो चारचौघांत हात खिशातच ठेवायचा. आताही तो खिशातच होता. शेजारी बसलेली आई त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होती. बत्तीस वर्षांच्या मुलाच्या.

"बोल ना," मामा म्हणाले. "दुःखातही आभार मानतो, तोच खरा विश्वासणारा."

"मामा, तुमची दहाही बोटं जागेवर आहेत," मी म्हणाले. "तुम्हीच माना."

मामींनी हातातला पेला खाली ठेवला. मामांचा चेहरा उतरला, पण मी थांबले नाही. मशिनचं झाकण तुटलं होतं, भावानं दोनदा सांगूनही कुणी बसवलं नव्हतं. हे मामांना ठाऊक होतं. माणसांच्या हलगर्जीपणावर देवाच्या कृपेचं पांघरूण घालू नका, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. माझा आवाज इतका चढला, की घरची बाई चुलीपासून उठून दारात आली.

तेव्हा भाऊ बोलला. "मला एकाचे आभार मानायचेत. कोऱ्हाळ्याचा एक जण माझ्या शेजारी कामाला असतो. त्यानं पळत जाऊन मेन स्विच पाडला. स्वतःच्या शर्टात माझा हात गुंडाळला, मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं. आपण चर्चमध्ये तीन वेळा देवाची उपकारस्तुती केली. त्याच्या घरी कोण गेलं?"

"त्याला देवानंच पाठवलं होतं," मामा म्हणाले.

"मग पाठवलेल्याला निदान पाणी तरी विचारायचं होतं," भाऊ म्हणाला.

मामांवरचा राग तिथंच माझ्यावर उलटला. तो माणूस दवाखान्यात नुसत्या बनियनवर उभा होता. त्या गडबडीत मीच त्याला म्हणाले होते, "तुम्ही निघा आता." नावसुद्धा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई, भाऊ आणि मी कोऱ्हाळे बुद्रुकला गेलो. मामा आले नाहीत. तो माणूस गोठ्यात धार काढत होता. आम्हाला बघून उठला, हात पुसले, पण पुढं येईना.

"मला वाटलं तुमी माझ्यावर रागावलाय," तो खाली बघत म्हणाला. "कुणीच आलं न्हाय. म्हटलं, स्विच पाडायला मी उशीर केला, आसं घरच्यांना वाटत आसंल. त्या मशिनवर परत गेलोच न्हाय मी. दुसऱ्या खात्यात मागून घेतलं."

तीन महिने हे ओझं त्यानं वाहिलं, आणि आम्ही तिकडं चर्चमध्ये डोळे मिटून आभार मानत होतो. मला तिथं उभं राहवेना.

आईनं त्याच्यापुढं हात जोडले. तो एकदम मागं सरकला. "न्हाय आई, आसं नका करू. मोठ्या हायसा तुमी." मग भावानं खिशातून हात काढला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याच्या बायकोनं चहा आणला. चहाआधी आईनं प्रार्थना केली, तेव्हा तोही टोपी काढून उभा राहिला.

माझा विश्वास आहे तिथंच आहे. पण मधल्या माणसाला वगळून देवापर्यंत पोचणारे आभार मला आता ऐकवत नाहीत. मी मामांची माफी मागावी, असा निरोप दोनदा आला. मी मागितलेली नाही.