सिद्धाप्पाची दहा पावलं

मी इन्फंट्रीचा माणूस. चोवीस वर्षं नोकरी केली, सुभेदार होऊन मेढ्याला घरी आलो आणि तोवर गाडीचं बॉनेट एकदाही उघडलं नव्हतं. ते काम ड्रायव्हरचं. उत्तरेच्या पहाडातल्या पोस्टिंगवर आमच्याकडे जोंगा होती, लष्करातली जुनी, जाड पत्र्याची, डोंगर चढणारी गाडी. तिचा ड्रायव्हर नाईक सिद्धाप्पा जत तालुक्यातला. घरी कानडी, बाहेर मराठी.

रोज ०६०० वाजता त्याची फर्स्ट परेड चाले. तेल, पाणी, पट्टा, हवा. शेवटी गाडी दहा पावलं चालवायची आणि ब्रेक दाबायचा. गाडी थांबली की मगच तो म्हणे, "बसा, साब." एकदा खुद्द पलटणीचे प्रमुख, सीओसाहेब, घाईत उभे होते, तरी त्याने दहा पावलं चुकवली नाहीत. तेव्हा मला घाम फुटला होता. आज सांगतो, इतका शिस्तीचा माणूस मी पलटणीत दुसरा पाहिला नाही.

त्या दिवशी ०९२० ला आम्ही चौकीवरून खाली निघालो. मी तेव्हा नायब सुभेदार. पुढे डावीकडे मी, मागे चार जवान. तिसऱ्या वळणावर रस्त्यावरचं बर्फ काचेसारखं झालं होतं. चाकं थांबली, गाडी थांबेना. डावीकडे दरी, उजवीकडे कडा.

"साब, धरून बसा," सिद्धाप्पा म्हणाला. मग गाडीला म्हणाला, "निधान." कानडीत याचा अर्थ सावकाश. उताराला तो नेहमी गाडीला असंच समजावायचा. तेवढं म्हणून त्याने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. कडा त्याच्या बाजूला होता.

०९४० ला मी रेडिओवर कळवलं, "पाच ठीक. ड्रायव्हर गेला. ओव्हर."

त्याच्या बायकोला, शांताक्काला, मी पत्र लिहिलं. ड्यूटीवर वीरमरण, एवढंच. त्याने कडा निवडला, आपली बाजू निवडली, हे लिहायला हात धजला नाही. कारण त्याची दुसरी बाजू म्हणजे मी. पुढे जतकडच्या एका जवानाकडून कळलं, गावात म्हणतात, ड्रायव्हरनं गाडी ठोकली. हे वाक्य माझ्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. जतला जाऊन खरं सांगायला हवं होतं. शत्रूसमोर गेलो, अक्कासमोर जायला पाय उचलेना.

निवृत्तीनंतर कराडजवळच्या एका मळ्यात लिलावातून आलेली जोंगा दिसली. आत कोंबड्या नांदत होत्या. तिथेच ठरवलं, ही आपल्या हाताने उभी करायची, जतला न्यायची, अक्काला माझ्या सीटवर बसवायचं आणि सांगायचं. दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतली असती, तर मी पुन्हा नुसता बसूनच गेलो असतो.

गुरू भेटले मेढ्याचे हमीदमिस्त्री. आजोबांपासून गॅरेजचं काम. पहिल्या दिवशी मी नट तोडला.

"सुभेदार, ह्यो पाना हाय, संगीन न्हाई. खुपसू नगा, वडा."

सात महिने मी त्यांचा रिक्रूट होतो. त्यांना इंजिनाच्या आवाजावरून दुखणं कळायचं. माझी बोटं सोलली, पण कार्बोरेटर खोलून परत जोडता यायला लागला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा मी सावधान उभा राहिलो. मिस्त्री पोट धरून हसले.

एका शुक्रवारी चारही चाकांचे ब्रेक ड्रम उघडे होते. मिस्त्री नमाजाला निघाले. "म्या येस्तवर हात लावू नगा." मी कुठला गप्प बसतोय? आतलं लोखंड कोरडं, उघडं दिसत होतं. चोवीस वर्षं रायफल साफ केलेला माणूस. साफ केलेल्या लोखंडाला हलकं तेल लावायचं, हे रक्तात भिनलेलं. फडक्याने चारही ड्रम आतून तेलाने पुसले, चाकं चढवली.

मिस्त्री आले. "काय केलंसा?"

"साफ करून बसवले."

"शाब्बास! चला, फिरवू."

१५१० ला निघालो. उत्साहाच्या भरात दहा पावलं विसरलो.

चढ छान चढली. परतीच्या उताराला ब्रेक दाबला, गाडी घसरतच राहिली.

"दाबा की वो!"

"दाबलाय!"

हँडब्रेकची केबल अजून जोडायची होती. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यात टाकली, इंजिन ओरडलं, वेग थोडाच उतरला. पुढे वळण. डावीकडे घळ, त्या बाजूला मिस्त्री. उजवीकडे मुरमाची दरड. समोरून कोणी नव्हतं.

"निधान." हे मीच म्हणालो. स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. माझ्या बाजूचं मडगार्ड मुरमात घुसलं आणि जोंगा थांबली.

मिस्त्री उतरले, चाकाशी वाकले, वास घेतला. "ड्रमात त्याल?"

"गंज चढू नये म्हणून."

ते रस्त्यातच बसले. हसायला लागले. "आवं, बंदूक हाय व्हय ही? ब्रेक घासला तरच गाडी थांबती!" मग मडगार्डकडे पाहिलं. "पर ह्या अंगाला का वडली? तुमच्याच अंगावर?"

मी सिद्धाप्पाची हकिकत सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मिस्त्री म्हणाले, "मग ह्ये मला काय सांगतासा? तिला सांगा. आन ह्यो पोचा काढू नगा."

ब्रेक नीट करून पुढच्या महिन्यात जत गाठलं. अक्का मेंढरं वाड्यात घालून आली. केस पांढरे झालेले. तिला पुढे डावीकडे बसवलं, मी स्टिअरिंगवर बसलो.

"अक्का, त्या दिवशी इथे मी होतो. ह्या बाजूला दरी होती. सिद्धाप्पानं गाडी ठोकली नाही, स्वतःच्या अंगावर वळवली. विचार करायला वेळ नसतो म्हणतात. असतो. दोन्ही बाजू दिसतात. मला आता ठाऊक आहे. त्यानं मला वाचवलं, आणि हे सांगायला मी इतकी वर्षं भ्यालो."

तिने समोरच्या माळाकडे बघत विचारलं,

"शेवटाला काय म्हनले?"

"निधान."

तिने पदर तोंडाला लावला. "बैलास्नी बी त्येच म्हनायचे."

मग उतरली, उजव्या मडगार्डाच्या पोच्यावर तळहात ठेवून उभी राहिली. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

चहा झाला. मी निघालो, इंजिन सुरू केलं, तर अक्का बॉनेटसमोर आडवी.

"आदी धा पावलं. रजेवर आले की दुसऱ्याचा ट्रॅक्टर बी आसाच बघायचे."

ती बाजूला झाली. मी दहा पावलं गाडी चालवली आणि ब्रेक दाबला. जोंगा जागच्या जागी थांबली.

"आता जावा," अक्का म्हणाली.